माळ पडीक नसतो, मंडळी!

आपल्या सोलापूर जिल्ह्याला चालायला कुणी शिकवायला नको. आषाढ लागला की साऱ्या महाराष्ट्राच्या वाटा पंढरपूरकडे वळतात. आळंदीची आणि देहूची पालखी माळशिरस तालुक्यातून येते, तेव्हा आपलीच माणसे वारकऱ्यांना वाढायला रस्त्यावर उभी असतात. सत्तरीची म्हातारी डोक्यावर तुळस घेऊन मैलोगणती चालते. पण मंडळी, एक विचारतो, राग मानू नका. आपल्या गावचे शिवार आपण सगळ्यांनी मिळून शेवटचे कधी चालून पाहिले?

रानात आपण रोज जातो, हे खरे. मोटार चालू करायला, पाळी द्यायला, वैरण आणायला जातो. पण ते जाणे डोक्यात कामाचा रगाडा घेऊन असते. बांधावर यंदा कुठले गवत उगवले, ओढ्याच्या ओल्या मातीत कुणाची पावले उमटली, विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी किती लटकली, हे पाहायला मान वर करायची सवड कुणाला? पोरे तर शाळेच्या गाडीत बसून शिवार ओलांडून जातात. पुस्तकातला जिराफ त्यांना ओळखता येतो, बांधावरची टिटवी ओळखता येत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा.

म्हणून आजचा विषय शिवारफेरी. शब्द आपल्याला नवा नाही. कृषी विद्यापीठे पिके दाखवायला शिवारफेरी काढतात. पाणलोटाची कामे ठरवायची असली की गावाची शिवारफेरी निघते. तीच फेरी आपण ऋतू पाहण्यासाठी काढायची. वर्षातून चार वेळा, त्याच वाटेने, म्हातारी आणि पोरे बरोबर घेऊन. याला पैसा लागत नाही, पाहुणा लागत नाही, व्यासपीठ आणि हारतुरे तर मुळीच लागत नाहीत.

येळवस ठाऊक आहे ना?

जिल्ह्याच्या पूर्वेकडची, धाराशिव आणि कर्नाटकाला लागून असलेली आपली गावे हसून म्हणतील, "हे तर आम्ही करतोच!" खरे आहे. मार्गशीर्षातल्या अमावस्येला तिकडे येळवस असते. घराला कुलूप लावून सारे कुटुंब रानात जाते. कडब्याची कोप करतात, आत पूजा मांडतात. भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली आंबील असा बेत असतो. वाटेने जाणाऱ्या परक्या माणसालाही हाताला धरून जेवायला बसवतात. रब्बीचे पीक डोलत असते आणि ज्याच्या जिवावर वर्षभर खायचे त्या काळ्या आईच्या मांडीवर सगळे बसतात.

आपल्या वाडवडिलांनी रानात नुसते बसायला एक अख्खा दिवस नेमून दिला. त्यामागे शहाणपण होते. रानात बसले की डोळे आपोआप फिरतात आणि आजीच्या तोंडून नावे बाहेर पडतात. हे झाड कशाचे, ही पालेभाजी कुठल्या महिन्यात कोवळी असते, हा पक्षी ओरडला की काय समजायचे, हे सगळे त्या दिवशी पुढच्या पिढीच्या कानावर पडते. हे ज्ञान घरात, दूरचित्रवाणीसमोर पडत नाही. ते वाटेवरच पडते.

नान्नजचा माळ काय सांगतो

आता जरा कडू गोष्ट. सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने वीसेक किलोमीटर गेले की उत्तर सोलापूर तालुक्यातले नान्नज लागते. तिथले नाव देशभर गेले ते माळढोकामुळे. ढोक म्हणजे करकोच्यासारखा उंच पक्षी. हा माळावर राहतो म्हणून माळढोक. त्याच्या आवाजावरून कुणी त्याला हूम म्हणत. उभा राहिला की मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. उडणाऱ्या पक्ष्यांत एवढे वजनदार पक्षी जगात मोजकेच. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे आणि रानातले दाणे हे त्याचे खाणे. पावसाळ्यात मादी उघड्या जमिनीवर अंडे घालते, तेही बहुधा एकच.

सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी सत्तरच्या दशकात या माळावरच्या माळढोकांकडे सरकारचे आणि अभ्यासकांचे लक्ष वेधले. १९७९ साली इथे माळढोक अभयारण्य झाले. कागदावर त्याचा विस्तार सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होता. त्यात सोलापूर आणि शेजारच्या नगर जिल्ह्यातली गावे, शेते, वस्त्या सारे आले. लोकांना घर बांधायला, जमिनीचा व्यवहार करायला अडचणी आल्या. पुढे ती हद्द कमी करून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणावी लागली. या सगळ्यात झाले काय? पुष्कळांना माळढोक हा पक्षी न वाटता सातबाऱ्यावरची अडचण वाटू लागला.

आणि पक्षी? तो कमी कमी होत गेला. २०११ साली जागतिक यादीत त्याची नोंद अतिशय संकटात असलेला पक्षी म्हणून झाली. आज देशभर मिळून तो दीडशेच्या आसपास उरला आहे आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. तिथे जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून माळावरची अंडी गोळा करून पिले वाढवण्याचे काम चालू आहे. नान्नजला एखादा माळढोक दिसला तर ती आता वर्तमानपत्रातली बातमी होते.

तो का गेला? शिकार झाली, भटकी कुत्री वाढली. विजेच्या तारा आल्या. हा पक्षी जड, त्याला समोरची तार नीट दिसत नाही आणि दिसली तरी झटकन वळता येत नाही. पण मोठे कारण म्हणजे त्याचे घरच गेले. पाणी आले तसा माळ फोडून ऊस लावला. जिथे माळ राहिला तिथे आपण त्याला पडीक म्हटले आणि चांगल्या मनाने का होईना, गिरिपुष्पासारखी झाडे लावली. झाडे लावणे पुण्याचे, यात वाद नाही. ओढ्याकाठी लावा, बांधावर लावा, शाळेभोवती लावा. पण गवताच्या माळाला गवतच हवे. माळढोकाला लांबवर दिसले पाहिजे, तरच तो नांदतो. दाट झाडीत त्याला तुरुंगात असल्यासारखे वाटते.

सातबाऱ्यावर आणि बोलण्यात आपण ज्याला पडीक म्हणतो, त्या माळावर मारवेल आणि पवन्या उगवतो. त्यावर धनगराची मेंढरे जगतात. तिथे काळवीट पळते, लांडगा पिले वाढवतो, धाविक आणि चंडोल जमिनीवर अंडी घालतात. पावसाचे पाणी गवताच्या मुळ्यांशी थबकते आणि खालच्या विहिरीला लागते. अशा जमिनीला रिकामी म्हणणारा माणूस ती कधी चाललेला नसतो. माळढोक सांभाळायला कायदा होता, हद्द होती, पहारा होता. कमी काय पडले असेल, तर गावागावांतून तो माळ आपला म्हणून ओळखणारी माणसे. ती ओळख सरकारला देता येत नाही. ती पायांनी होते.

चार ऋतू, चार फेऱ्या

पहिली फेरी मृगाची. पहिला चांगला पाऊस होऊन दोन दिवस गेले की सकाळी लवकर निघा. मखमलीसारखा लाल मृगाचा किडा मातीवर दिसेल. पोरांना तो तळहातावर घेऊ द्या आणि जिथून उचलला तिथेच सोडायला सांगा. पावशाचा आवाज ऐका. "पेरते व्हा" असे तो सांगतो, ही आपल्याकडची जुनी समजूत. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला चातक दिसला तर आवर्जून दाखवा. तो पावसाच्या थोडा पुढे येणारा पाहुणा आहे. या फेरीत करायचे काम एकच: बांधालगत वीतभर खणून माती पाहा. गांडूळ निघते का, ओल किती खोल गेली, हे बोटाने मोजा. ज्या रानात शेणखत पडते आणि ज्यात नाही, अशा दोन ठिकाणी खणा. फरक पोरांच्या तोंडूनच येईल.

दुसरी फेरी भाद्रपदाची. गवत कमरेला लागते, माळ हिरवा होतो आणि रब्बीच्या पेरणीआधी हाताला थोडी उसंत असते. ही गवताची फेरी. बैलगाडीच्या जुन्या चाकाची धाव किंवा सायकलची रिंग बरोबर घ्या. माळावर कुठेही टाका आणि रिंगणात किती जातींची गवते आली ते मोजा. नावे सांगायला धनगर बाबांना पुढे करा. त्यांच्याइतका गवताचा जाणकार पुस्तकात मिळायचा नाही. मारवेल, पवन्या जास्त असेल तर माळ धडधाकट समजावा. नुसती कुसळी माजली असेल तर चराई जास्त झाली, माळाला विसावा हवा. याच दिवसांत सुगरणीची घरटी पाहा. नाव सुगरण असले तरी घरटे विणतो तो नर. मादी येऊन घर पाहते, पसंत पडले तरच संसार मांडते. बायाबापड्यांना ही गोष्ट सांगा, फेरी हसतखेळत होईल.

तिसरी फेरी हुरड्याची. मार्गशीर्ष-पौषात, येळवशीच्या दिवसालाच जोडून घेतली तर उत्तम. आपल्या मालदांडीच्या रानावर संध्याकाळी भोरड्यांचे थवे ढगासारखे फिरतात. हे पक्षी मध्य आशियातून येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत जातात. ज्वारी खातात म्हणून आपण गोफण फिरवतो आणि त्यात गैर काहीच नाही; कणीस वाचवलेच पाहिजे. पण दुसरी बाजूही ठाऊक असू द्या. भोरडी नाकतोडे आणि टोळ खाण्यातही पटाईत असते. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळ आवरावेत म्हणून याच पक्ष्यांसाठी दगडांचे ढीग आणि विटांची घरटी रचून देतात. एकाच पाखराला तिकडे मानपान आणि इकडे गोफण! दोन्ही खरे आहे, म्हणून रानात पाहून मगच मत करावे. याच दिवसांत माळावर भोवत्या नावाचे शिकारी पक्षी गवताला लागून तरंगत जाताना दिसतात. तेही हिवाळी पाहुणे, रात्री गवतातच जमिनीवर उतरतात. करमाळा भागातल्या वाचकांनी उजनीचा फुगवटा पाहावा. तिथे रोहित येतात. हिमालय ओलांडून येणारे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब हंसही येतात.

चौथी फेरी वैशाखाची, ती मात्र सूर्य वर यायच्या आत. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून नऊच्या आत घरी. ही पाण्याची फेरी. गावातल्या सार्वजनिक विहिरी, आड, ओढ्यातले डोह पाहा. दोराला गाठी मारून पाणी किती हात खाली गेले ते मोजा आणि लिहून ठेवा. डोहाच्या काठी चिखलात माग पाहा: कोल्ह्याचा कुठला, कुत्र्याचा कुठला, काळविटाचा खूर कसा. बुद्धपौर्णिमेच्या रात्री राज्यातल्या अभयारण्यांत मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजतात. आपण दिवसा मातीवरचे माग मोजायचे, तीच विद्या. उघड्या रानात टिटवीची अंडी दिसली तर लांबूनच पाहा. ती खड्यांसारखी दिसतात, पाय पडायला वेळ लागत नाही.

शाळेसाठी एक प्रयोग

जुन्या वाड्यात किंवा पडक्या विहिरीत गव्हाणी घुबड राहत असेल तर त्याच्या बसण्याच्या जागेखाली राखाडी, केसाळ गोळ्या पडलेल्या असतात. ती विष्ठा नव्हे. न पचलेली हाडे आणि केस घुबड तोंडावाटे टाकते. काडीने उचलून या गोळ्या पाण्यात भिजवा, हाडे वेगळी करा, उंदरांच्या कवट्या मोजा आणि मग हात साबणाने धुवा. एका गोळीतले उंदीर मोजून झाले की मुलगा घुबडाला अपशकुनी म्हणायचा नाही. आणि बापही धान्याच्या कोठीकडे पाहून विचार करील.

फेरी काढायची कशी

पंधरा-वीस माणसे पुरेत. त्यात दोन-तीन जुनी माणसे, एक धनगर, एक शिक्षक किंवा शिक्षिका आणि घरातल्या सुनाही असाव्यात. सुना मुद्दाम, कारण त्या दुसऱ्या गावचे ज्ञान घेऊन येतात. एकाच वनस्पतीची तीन गावांतली तीन नावे अशा वेळी कळतात. वाट दोन-अडीच किलोमीटरची, दरवेळी तीच ठेवा. वाट बदलली तर बदल कळत नाही.

थोडी पथ्ये पाळा. पायात बंद वहाणा, हातात काठी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप ओळखता आले पाहिजेत. साप दिसला की थांबा आणि त्याला वाट द्या. कुणाला चावलाच तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, थेट सरकारी दवाखाना गाठा. फवारणी झालेल्या रानात पोरांना नेऊ नका. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर झाडाखाली थांबू नका, वीज पडते. घरट्याला हात लावू नका, लांडग्याच्या बिळाजवळ गर्दी करू नका.

लांडग्याचे नाव निघाले म्हणून सांगतो. मेंढरू गेल्यावर धनगराच्या पोटात काय कालवते, ते शहरातल्या माणसाला कळायचे नाही. काळविटांनी कोवळे पीक खाल्ले की तेच दुःख. त्याला उपाय विष घालणे नव्हे. वनखात्याला लगेच कळवा, पंचनामा करून घ्या. नुकसानभरपाईची तरतूद आहे. ती मागायचा संकोच करू नका आणि उशीरही करू नका.

वही ठेवा

फेरीत एक वही हवीच. तारीख, पाऊस, काय दिसले, गावात त्याला काय म्हणतात, सांगणारा कोण. एवढे पाच रकाने पुरेत. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितले आहे. या नोंदवहीच्या कल्पनेला डॉ. माधव गाडगीळ यांनी आकार दिला आणि त्यामागचा विचार असा, की गावाचे ज्ञान गावानेच लिहावे. आपल्या पंचायतीची नोंदवही कुठे आहे, ते एकदा ग्रामसभेत विचारा. कपाटात असेल तर बाहेर काढा आणि फेरीतल्या नोंदी तिच्यात उतरवा. उद्या माळावर कुणी प्रकल्प आणला, तर "इथे काहीच नाही" असे म्हणणाऱ्यापुढे ठेवायला आपल्याजवळ कागद असेल.

नोंदीचे मोल सांगायला आपल्याच मातीतला माणूस आहे. मारुती चितमपल्ली यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापुरात झाला. रानाची पहिली ओळख त्यांना घरातूनच, आईकडून आणि मामाकडून झाली. पुढे वनखात्याच्या नोकरीत रानोरान हिंडताना त्यांनी आदिवासींच्या, खेडुतांच्या तोंडचे शब्द टिपले आणि 'पक्षीकोश' सिद्ध केला. २००६ साली सोलापूरच्याच साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरातच ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालीम अली यांचा १२ नोव्हेंबर, म्हणून २०२० पासून राज्यात हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो.

एवढ्या मोठ्या माणसाची सुरुवात आईने दाखवलेल्या पाखरापासून झाली, हे आयाबायांनी विसरू नये. तुमच्या तोंडी असलेले गवताचे, पाखराचे, नक्षत्राचे एखादे नाव कदाचित कुठल्याच पुस्तकात नसेल. ते तुमच्याबरोबर गेले तर गेलेच. माळढोक गेला ते आपण डोळ्यांनी पाहिले. नावे जातात ती आवाजही न करता.

तेव्हा या आठवड्यात एवढेच करा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा: "आपल्या शिवारात पूर्वी दिसायचे आणि आता दिसत नाही, असे काय काय आहे?" जे सांगतील ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मग पुढच्या रविवारी, ऊन चढायच्या आत, पोरांना घेऊन त्या वाटेने निघा. पहिल्या पानावरचे एखादे नाव जरी समोर दिसले, तरी त्या दिवशीची भाकर गोड लागेल.